ढाणकीच्या तारा

नादरूपाने प्राणिमात्राच्या हृदयात वसणाऱ्या वाग्देवतेला आणि आरंभीच ज्याचे स्मरण करावे त्या श्रीगजाननाला वंदन करून मी लेखणी हाती घेतो. दीपावलीच्या या अंकात तालुक्यातील जुन्या कारागिरांनी आपापल्या धंद्याविषयी लिहावे असा संपादकांचा आग्रह झाला, आणि वाद्यदुरुस्तीच्या वाट्याला मी आलो. दिव्यांच्या सणाला आपल्याच चुकीवर उजेड पाडावा की नाही, याचा विचार करण्यात माझे चार दिवस गेले. अखेर सौभाग्यवती म्हणाल्या, "लिहायचं असेल तर तेच लिहा. नाहीतर लिहूच नका." त्यांचा शब्द मी सहसा मोडत नाही.

माझे बालपण संस्कृत पाठशाळेत गेले. व्याकरण शिकलो, पूजाविधी शिकलो, आणि गुरुजींच्या तंबोऱ्याची पुसपास करता करता तारांचा नाद लागला. पुढे तोच उदरनिर्वाह झाला. उमरखेडला माझ्या ओसरीवर भजनी मंडळांच्या पेट्या, वीणा, क्वचित एखादी सतार अशी वाद्ये येत राहिली आणि त्यांच्या सेवेत आयुष्य सरले. हा धंदा, खरे सांगायचे तर, संशयावर चालतो. गिऱ्हाईक एवढेच म्हणते, "सूर लागत नाही." मग दोष तारेत आहे, खुंटीत आहे, तारा टेकतात त्या घोडीत आहे की सांगणाऱ्याच्या कानात, हे आपण शोधायचे. एकेकाला समोर घ्यायचे, निर्दोष ठरला की सोडायचे आणि पुढच्याकडे वळायचे. लाकडाच्या आणि धातूच्या बाबतीत ही सवय फार उपकारक ठरते. माणसांच्या बाबतीत ती मला केव्हा जडली, ते कळले नाही.

गिटार आमच्या भागात आली ती मोबाइलवरून. कोणी पडद्यावर पाहून शिकू लागले, कोणी पुसदला शिकून आले. या वाद्याकडे मी आरंभापासून जरा तिरप्या नजरेनेच पाहिले, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने ती नजर सरळ होऊ दिली नाही. त्या गृहस्थांनी गिटार आणली, सहाही तारा नव्या बसवून घेतल्या, आणि मी सूर लावायला बसलो तर म्हणाले, "राहू द्या हो महाराज, सूर कायले पाह्यजे? नवरदेवाच्या हातात द्याची हाय, फोटोपुरती." सूर नसलेले वाद्य माझ्या ओसरीवरून बाहेर जाणार नाही, असे सांगून मी त्यांना तासभर बसवून ठेवले. ते अस्वस्थ होते. मी मनात वेगळाच काही हेतू धरून बसलो आहे, असे त्यांना वाटत असावे.

गिटारला सहा तारा असतात. खालच्या बारीक तारा साध्या पोलादी, वरच्या जाड तारांवर काशाच्या रंगाच्या तारेचे वेढे. प्रत्येक तारेच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा पितळी मणी असतो. तो घोडीत अडकवतात आणि दुसरे टोक डोक्याकडच्या चावीला गुंडाळतात. जुनी तार कधीही ताणलेली असताना कापू नये. आधी ती सैल करावी, मग उतरवावी. सहाही तारा एकदम उतरवू नयेत, कारण त्यांच्या ओढीवर वाद्याची मान तोललेली असते. एक उतरवावी, तिच्या जागी एक चढवावी. नवी तार चावीवर दोन-तीन वेढे बसतील इतकीच सैल सोडावी, हाताने हलकेच ओढून तिचे अंग मोकळे करावे, पुन्हा सुरात आणावे. असे तीन-चारदा केले की ती स्थिरावते. वाजवून झाले की कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसावी. हाताच्या घामात मीठ असते आणि पोलादाला मिठाचे वैर आहे. एवढे सांभाळले तर रोज वाजवणाऱ्याची तारही दोन-तीन महिने सहज टिकते.

या तारा मला मिळत त्या ढाणकीच्या हनीफभाईंकडून. हनीफभाई मूळचे फवारणीच्या पंपांचे मिस्त्री. त्यांचे वडील कव्वालीच्या साथीला बसत, म्हणून दुकानातल्या काचेच्या एका कपाटात वाद्यांच्या तारा ठेवण्याची रीत त्यांनी पुढे चालवली होती. पंपाच्या सामानासाठी ते नागपूरला जात, येताना तारांची पाकिटे आणत आणि माझ्या वाटणीची स्वतः उमरखेडला आणून देत. आमचा इतक्या वर्षांचा व्यवहार, पण मी त्यांच्या दुकानाची पायरी कधी चढलो नव्हतो. ते मात्र येत, ओसरीवर बसत, पाणी पीत, आणि जाताना दर वेळी एकच मागणे मागत.

"महाराज, उतरवलेल्या तारा फेकू नका. मले ठेवत जा."

"जुन्या तारांचे तुम्ही काय करता?" असे मी एकदा विचारले होते.

"कामाले येतात," एवढेच म्हणून ते हसले आणि तारांचे वेटोळे खिशात घालून उठले. मी पुढे विचारले नाही. तेव्हा मनात काही आलेही नव्हते.

वैशाली राठोड या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिका. महागावकडच्या एका तांड्यावर माहेर, आणि शाळा ढाणकीच्या पलीकडे. पहिली-दुसरीच्या मुलांना कविता गिटारीवर शिकवतात. मुले त्यांना गिटारवाल्या मॅडम म्हणतात. गेल्या वर्षी त्यांच्या गिटारीला मी नव्या तारा चढवल्या आणि आठव्या दिवशी त्या परत आल्या.

"गुरुजी, हे पाहा. काळी पडली. इथे तर लाल डाग आहे."

मी भिंगातून पाहिले. पहिल्या दोन तारांवर तांबड्या गंजाचे ठिपके होते, ओळीने नव्हे, विखुरलेले. रीतीप्रमाणे पहिला संशय मी हातावर घेतला.

"वाजवण्यापूर्वी हात धुता का?"

"धुते की."

"स्वयंपाकघरातून तसेच उठून, लोणच्याचा हात..."

त्या हसल्या. "गुरुजी, शाळेत पोषण आहाराची खिचडी रोज मोजते मी. पण ती गिटारीत नाही टाकत."

मी नव्या तारा चढवल्या, पुसण्याचे कापडही दिले. दहा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. त्याच आठवड्यात आणखी दोघांची तीच तक्रार आली. तिघांचे हात तीन, वाद्ये तीन, घरे तीन. सामाईक काय, तर तारा. आणि तारा ढाणकीच्या.

त्या क्षणी मला जुन्या तारांचे वेटोळे आठवले. हा माणूस उतरवलेल्या तारा दर वेळी आठवणीने मागून नेतो. कशासाठी नेतो ते सांगत नाही, हसतो. रॉकेलमध्ये बुडवून, घासूनपुसून त्याच तारा पाकिटात घालून मला परत विकत असेल तर त्या आठ दिवसांत काळ्या पडतील, याहून वेगळे काय होणार? विचार इतका नीट जुळला की तो खरा आहे का, हे पाहायचे मला सुचलेच नाही. तो सिद्ध कसा करायचा, एवढेच पाहू लागलो.

मी कानसीने जुन्या तारांच्या मण्यांवर बारीक खाच पाडली आणि त्या हनीफभाईंना दिल्या. पुढच्या खेपेची पाकिटे आली तेव्हा दार लोटून घेऊन एकेक मणी भिंगाखाली धरला. खाच कोठेही नव्हती. वास्तविक एखाद्या तंबोऱ्याची खुंटी अशी निर्दोष ठरली असती तर मी तिला सोडून दिले असते. येथे मात्र मनात आले की माणूस हुशार आहे, मणीच बदलत असेल. पुरावा मिळाला नाही, तर न मिळणे हाच पुरावा. न्यायशास्त्राचे चार धडे गिरवलेल्या माणसाने असा तर्क करावा याची आज मला लाज वाटते. त्या दिवशी मला तो फार सूक्ष्म वाटला होता.

मग ती घटना घडली. केंद्राच्या शाळांचा कार्यक्रम होता. मॅडम वाजवत होत्या, मुले गात होती, आणि पहिली तार डागाच्या जागी तुटून त्यांच्या डोळ्याखाली लागली. बोटभर वर लागली असती तर डोळा गेला असता. गालावरची ती लाल रेघ घेऊन त्या ओसरीवर आल्या आणि गिटार खाली ठेवली. माझा तोल तेथे सुटला.

त्याच सायंकाळी देवळाच्या सभामंडपात भजनी मंडळाचे अध्यक्ष वीणेच्या तारांविषयी विचारत होते. दहा-बारा माणसे बसलेली होती. मी म्हणालो, "ढाणकीच्या तारा घेऊ नका. तेथे जुन्याचे नवे करून देतात." केवळ दोन वाक्ये. आवाजही चढवला नाही. पण या गावात मी कधी खोटे बोललो नाही, अशी माझी ख्याती होती, आणि ती ख्याती त्या दोन वाक्यांमागे उभी राहिली.

हनीफभाईंना निरोप पाठवून मी तारा घेणे थांबवले आणि नागपूरहून परभारे मागवू लागलो. ते पुन्हा आले नाहीत. त्यांचे न येणे हीदेखील मला गुन्ह्याची कबुलीच वाटली.

नागपूरच्या बंद पाकिटातल्या तारा मी एका बँकेतल्या गृहस्थांच्या गिटारीला चढवल्या. नवव्या दिवशी ते ठिपके पडलेली तार घेऊन हजर झाले. तेव्हा तरी मी थांबायला हवे होते. मी नागपूरच्या व्यापाऱ्यावर संशय घेतला. हनीफभाई त्याच्याचकडून माल आणत असणार आणि दोघांचे संगनमत असणार, असे मी सौभाग्यवतींना सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आता मुंबईपर्यंत जाणार का तुम्ही?"

दोन महिन्यांनी मॅडम आल्या त्या चावी ढिली झाली म्हणून. मी गिटार हाती घेतली आणि पाहतच राहिलो. सहाही तारा नव्यासारख्या लख्ख होत्या.

"या कोठल्या?"

त्या जरा घुटमळल्या. "ढाणकीच्या, गुरुजी. तुमचं बोलणं कानावर आलं होतं. पण दुकान शाळेच्या रस्त्यात पडतं, आणि तुम्हाला सारखा त्रास कशाला म्हणून मोबाइलवर पाहून मीच बसवल्या. दोन महिने झाले."

माझ्या मनात जे आले ते लिहितो, कारण लिहायचे ठरवले आहे. मला वाटले, हनीफने मला खोटे पाडण्यासाठी हिला मुद्दाम चांगले पाकीट दिले. मी तसे सूचितही केले. मॅडम पहिलीच्या मुलाशी बोलतात तशा मृदू आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, राग मानू नका. पोराचं गणित सारखं चुकत असलं की मी त्याला सगळ्या पायऱ्या मोठ्यानं म्हणायला लावते. तुम्ही तार बसवताना काय काय करता, सांगता का?"

मला हे अपमानास्पद वाटले. तरी सांगितले. सैल करतो, उतरवतो, लाकूड पुसतो, मणी अडकवतो, वेढे देतो, ओढतो, सुरात आणतो, उरलेले टोक कापतो.

"मग लगेच देता?"

"छे. रात्रभर तार स्थिरावू देतो. सकाळी पूजा आटोपली की प्रोक्षण करतो, आणि मग देतो."

"प्रोक्षण म्हणजे?"

"शुद्धीसाठी दर्भाने शिंपडणे. गंगाजल आणि गोमूत्र."

हे मी कामाच्या पायऱ्यांत कधी धरलेच नव्हते. ते काम नव्हते, आचार होता. मॅडमनी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बोट दाखवले.

"तंबोऱ्यावरही शिंपडता?"

"नाही. त्याला गंध, फूल. भोपळ्याला, तारेला नव्हे."

"मग गिटारवरच का?"

याचे उत्तर माझ्याजवळ होते, पण ते उच्चारताना जड झाले. गिटार परदेशी वाद्य. कोणत्या कारखान्यात, कोणत्या सरसाने जोडलेली, कोण जाणे. तिच्या घोडीवरची पांढरी पट्टी हाडाची असते, असे कोणीतरी सांगितले तेव्हापासून मी हे प्रोक्षण सुरू केले होते. सतारीच्या घोडीलाही पूर्वी हरणाचे शिंग लावत, हे मला ठाऊक होते, पण ते मला आपले शिंग वाटे. आधी मी रिकाम्या लाकडावर शिंपडत असे. गेल्या वर्षी काम वाढले तेव्हा तारा चढवून झाल्यावर शिंपडू लागलो, आणि संशय जसा अधिक, तसे थेंबही अधिक पडत गेले.

मी यातले अर्धेच बोललो. मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे मोठेपण. चावी नीट करून घेतली आणि जाता जाता म्हणाल्या, "आमच्या तांड्यावर गोठ्याच्या दाराची कडी दर दोन वर्षांनी बदलावी लागते, गुरुजी. घराची कडी आजोबांच्या वेळची आहे."

त्या गेल्यावर मी हनीफभाईंच्या उरलेल्या पाकिटातील एका तारेचे दोन तुकडे केले. एक कोरडा ठेवला, दुसऱ्यावर नेहमीसारखे प्रोक्षण केले, आणि दोन्ही तुकडे खिडकीच्या फळीवर ठेवले. तिसऱ्या दिवशी ओल्या तुकड्यावर ठिपके होते. विखुरलेले, दर्भाच्या टोकावरून उडतात तसे. ते ठिपके मी गेले कित्येक महिने भिंगातून पाहत होतो आणि मला त्यांत ढाणकी दिसत होती.

विधी अशुद्ध नव्हता. आजही मी तो अन्यत्र करतो. परंतु पोलादावर पडलेले ते थेंब श्रद्धेने शिंपडलेले नव्हते.

ढाणकीच्या बाजाराच्या दिवशी मी एसटीने निघालो. फवारणीचे दिवस होते. कपाशी आणि सोयाबीन औषधाला आलेले, अशा दिवसांत पंपाच्या मिस्त्रीला मान वर करायला सवड मिळू नये. हनीफभाईंच्या दुकानात ते एकटेच बसले होते. समोर एक पंप उघडलेला होता, आणि रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे माणसांची रांग होती.

"या महाराज," ते म्हणाले. उठले, स्टूल पुसून पुढे केले. "तारा तं आता नागपूरच्या आनता म्हने तुमी."

माझे लक्ष भिंतीवरच्या खिळ्याकडे गेले होते. तेथे मी दिलेल्या जुन्या तारांची वेटोळी टांगलेली होती आणि खाली एका डबीत त्यांचे बोटभर लांबीचे कापलेले तुकडे होते. कानसीची खाच पडलेले मणीही त्याच डबीत होते.

इतक्यात एक शेतकरी आपला दुरुस्त झालेला पंप न्यायला आला. हनीफभाईंनी डबीतला एक तुकडा उचलला, त्याचे टोक वाकवून कडी केली आणि ती दोऱ्याने पंपाच्या दांड्याला बांधली.

"नोझल बुजलं तं ह्या तारेनं मोकळं करजो. तोंड लावून फुकू नको. फुकलं तं पंप परत आनू नको माह्याकडं."

शेतकऱ्याने तार बोटाने उचलून पाहिली. "जुनीच दिसते हे. जुन्याचं नवं करून देता म्हने तुमी. पंपातलं वायसर तरी नवं हाय ना?"

हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. मुद्दाम पाहिले नाही. माझे देवळातले वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, तारांवरून पंपांवर येऊन माझ्यासमोर उभे होते. रस्त्यापलीकडची रांग कशाची होती, ते मला तेव्हा कळले.

"वायसर नवे आहे," मी त्या शेतकऱ्याला म्हणालो. "आणि ते बोलणे माझे होते. उमरखेडला मीच बोललो. ते खोटे होते."

तो माझ्याकडे आणि हनीफभाईंकडे आळीपाळीने पाहून पंप पाठीवर घेऊन गेला.

मग मी सगळे सांगितले. खाच, भिंग, देऊळ, गोमूत्र, खिडकीतले दोन तुकडे. हनीफभाई पान्याने एक नट सोडवत ऐकत होते.

"माह्या मेव्हण्यानं नोझल फुकलं होतं," माझे संपल्यावर ते म्हणाले. "औषध पोटात गेलं. तीन दिवस त्याले काई दिसत नोतं. वाचला. तवापासून देतो हे तार. दुसरी तार वाकते, हे नाई वाकत, आन् बारीक बी हाय. नोझलच्या भोकात बरोबर जाते."

"हे मला तेव्हाच का सांगितले नाही?"

"कसं सांगू? तुमी वाद्याच्या तारेले देवाची वस्तू मानता. तिले इषाच्या पंपाले बांधतो म्हटलं असतं, तं तुमाले बरं वाटलं असतं काय? बंद केल्या असत्या देनं." त्यांनी पाना खाली ठेवला. "पन महाराज, तुमी मले एकदा इचारलं असतं. रागानं इचारलं असतं तरी चाललं असतं. देवळात काहून बोल्ले?"

मी क्षमा मागितली, ती त्यांनी लगेच दिलीही नाही आणि नाकारलीही नाही. नट डबीत टाकला आणि म्हणाले, "देवळात बोल्ले, तं देवळातच बोला. तेच लोक पाह्यजे. आन् चार बाजार इथं येऊन बसा. माह्या पाकिटातली तार माह्याच दुकानात लोकाइसमोर बसवा. गोमूत्र घरी ठेवा." शेवटचे वाक्य बोलताना त्यांच्या मिशीखाली किंचित हालचाल झाली. "गाईचा दोष नाई त्याच्यात. माह्या पंपाची जाळी बी खाऱ्या पान्यानं अशीच जाते."

देवळात मी बोललो. त्याच सभामंडपात, बहुतेक त्याच माणसांसमोर, प्रोक्षणासह सगळे सांगितले. दोघे-तिघे हसले, अध्यक्षांनी मान डोलावली आणि विषय काकड आरतीच्या वर्गणीकडे वळला. माझे पहिले बोलणे आठ दिवसांत ढाणकीला पोहोचले होते. दुसरे सभामंडपाच्या पायऱ्या उतरले की नाही, ठाऊक नाही. खोटे ऐकायला लोक थांबले होते. खऱ्यात त्यांना सांगण्यासारखे काही सापडले नसावे.

चार बाजार झाले, आणि त्यानंतरही मी जात राहिलो. हनीफभाईंच्या दुकानाच्या फळीवर आसन टाकून बसतो. गिटारी येतात, वीणा येतात. मॅडमच्या शाळेतली मुले जाताना डोकावतात. पंपाची गर्दी थोडी परतली आहे, सारी नाही. रस्त्यापलीकडची रांग अजून लागते.

परवाच्या बाजारात महागावकडचे एक गृहस्थ मुलीची गिटार घेऊन आले. सावलीला टेकले आणि मला म्हणाले, "बुवा, तारा बदलून द्या. पन नागपूरच्या टाका. ढाणकीच्या नको बरं."

"का नको?"

"उमरखेडले एक महाराज हायेत. लय शिकेल मानूस, कधी खोटं नाई बोलत म्हनते. त्यायनं सांगतलं, अठी जुन्याचं नवं करून देतात."

मी हातातले कापड खाली ठेवले. "तो महाराज मीच आहे. ते माझे बोलणे चुकीचे होते. तारा उत्तम आहेत, दोष माझ्या हाताचा होता."

गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, माझे गंध पाहिले, मी बसलो होतो ती फळी पाहिली, मागे उभ्या असलेल्या हनीफभाईंना पाहिले. मग पुढे झुकून हळू आवाजात विचारले, "काहून हो महाराज, तुमाले यानं काही देलं काय?"

हनीफभाई हसले. मी त्या दुकानात बसू लागल्यापासून ते प्रथमच मोकळे हसत होते, आणि ते हसणे माझ्यावर होते. मला हसू आले नाही. मी पाकीट गृहस्थांच्या हाती दिले, त्यांनीच फोडावे म्हणून. पहिली तार सैल केली, उतरवली, नवी चढवली. ते माझ्या बोटांवरची नजर काढत नव्हते. मीही कित्येक महिने हनीफभाईंच्या पाकिटांकडे अशाच नजरेने पाहत होतो. सहावी तार सुरात आल्यावर मी त्यांना पुढच्या बाजारी यायला सांगितले, तारा दाखवायला. येतो असे ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात विश्वास नव्हता. मी वाट पाहणार आहे.

वाचकहो, या दीपोत्सवात आपल्या उंबरठ्यावर लक्ष्मीची पावले उमटोत, घरातली लेकरे निरोगी राहोत, वडीलधाऱ्यांच्या मुखी समाधान नांदो, आणि शेतात फवारणीला जाणारा प्रत्येक हात सायंकाळी सुखरूप घरी परतो. कोणाविषयी मनात शंका आली, तर ती घेऊन आधी त्याच्याच दारी जाण्याची बुद्धी जगदंबा आपणा सर्वांना देवो. ती मला उशिरा मिळाली. आपणास वेळेवर मिळो. आपल्या कुटुंबाचे अखंड कल्याण असो.